सीटमागचा कॅन

नेरच्या बाजारातून परत निघताना निकिताने गाडीत सामान स्वतःच्या हाताने लावलं होतं. दुसऱ्या कुणी लावलं असतं तर त्याला दोष देता आला असता, असं तिला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं.

गाडी जुनीच होती, नयनने अमरावतीहून घेतलेली लहान गाडी. घरी कपाशी, सोयाबीन आणि तूर, माणसं मोजकी. नयन शेतात अडकला की बाजार, दवाखाना, बँक ही कामं अडून राहत, म्हणून निकिताने वर्षभरापूर्वी गाडी शिकून घेतली. सासरे सदाशिवराव आधी कुरकुरले होते, पण सून एकदा त्यांना भर पावसात तहसीलला वेळेवर घेऊन गेली, तेव्हापासून तेच गावात तिचं कौतुक सांगत फिरायचे.

त्या दिवशी सासूच्या, इंदूबाईंच्या, गुडघ्यांची तपासणी होती. चार वर्षांची खुशी मागे लागली म्हणून तिलाही घेतलं. तपासणी आटोपत आली तोच नयनचा फोन आला. दुसऱ्या दिवशी फवारणीला माणसं सांगितली होती आणि औषध कमी पडत होतं. ते आण, आणि खताच्या दोन बॅगाही आण, असं तो म्हणाला.

दुकानातल्या माणसाने खताच्या बॅगा डिक्कीत टाकल्या. त्यांच्यावर पिठाचा डबा, किराणा आणि इंदूबाईंनी घेतलेली नवी घागर बसवल्यावर डिक्की जेमतेम लागली. पाच लिटरचा औषधाचा कॅन तेवढा उरला. माणूस म्हणाला, ताई, हा आत नका ठेवू, नाहीतर उद्या कुणाला तरी मोटरसायकलवर पाठवा. निकिताने आभाळाकडे पाहिलं. झिमझिम सुरू होती. उद्या सकाळी माणसं पंप घेऊन उभी राहणार होती. अर्ध्या तासाचा रस्ता, असं म्हणून तिने कॅन पुढच्या डाव्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत उभा केला. बसस्टँडजवळ ब्रेक दाबला तसा तो लवंडला. तिने उतरून तो आडवा करून सीटखाली थोडा सरकवला. आता हलणार नाही, असं तिला वाटलं. खुशी त्याच बाजूला बसली होती. तिचे पाय काही तिथवर पोचत नव्हते.

गाव मागे पडल्यावर इंदूबाई पाय चोळू लागल्या. पुढच्या सीटवर गुडघे दुमडून बसणं त्यांना जड जात होतं. निकिताने गाडी बाजूला घेतली, वाकून सीटखालचा दांडा ओढला आणि सासूला म्हणाली, पाठीने रेटा. इंदूबाईंनी रेटलं. सीट झटक्याने मागे गेली आणि खालून कट् असा आवाज आला. खटका बसला, असं निकिताला वाटलं.

पुढे कोंबड्यांनी भरलेला ट्रक लागला. त्याचा वास आत येऊ लागला तेव्हा तिने काचा वर केल्या, एसी लावला आणि बाहेरची हवा बंद करायचं बटण दाबलं. ते बटण नयनने तिला शिकवलं होतं. धुळीत फार कामी येतं, असं तो सांगायचा. थोड्या वेळाने ट्रक दुसऱ्या रस्त्याला वळला, पण बटण तसंच राहिलं.

“दवाईचा वास येऊन राह्यला,” इंदूबाई म्हणाल्या.

कॅनला बाहेरून लागलं असेल, दुकानातच सांडलेलं होतं, असं निकिता म्हणाली. तो वास त्यांना नवा नव्हता. जुलैपासून दिवाळीपर्यंत घरातल्या कपड्यांना, उशांना, नयनच्या केसांना तोच वास असायचा. दोघी पुन्हा गुडघ्यांच्या गोळ्यांवर बोलू लागल्या. निकिताचं डोकं दुखायला लागलं होतं. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून असेल.

मागे खुशी अंगणवाडीतलं गाणं म्हणत होती. मधेच थांबून ती म्हणाली, “आई, माझे पाय ओले झाले.”

तिने सॅन्डल काढून टाकले होते आणि सीटवरून खाली उतरून, पुढच्या सीटला धरून उभी होती. पाण्याची बाटली सांडली असेल, असं निकिताला वाटलं. वर बस बेटा, खाली उभं राहू नको, एवढं ती बोलली. खुशी वर बसली. ओले पाय तिने मांडीखाली घेतले. मग गाणं पुन्हा सुरू झालं नाही.

आणखी तीन-चार किलोमीटर गेले असतील. मूल गप्प आहे म्हणजे झोपलं, असं कुणालाही वाटेल. पण निकिताने सहज वरचा आरसा खाली वाकवला आणि तिला खुशीचं तोंड दिसलं. डोकं काचेला टेकलेलं, कपाळ घामाने निथळलेलं आणि हनुवटीवरून लाळेची तार फ्रॉकपर्यंत गेलेली. एसी चालू असताना एवढा घाम.

तिने हाक मारली. खुशीचे ओठ हलले, पण डोळे तिच्याकडे वळले नाहीत. मग ती ओकली.

निकिताने गाडी कशी थांबवली ते तिला आठवत नाही. इंदूबाईंनी सीटच्या कडेने मागे हात घातला, चटईला बोटं लावून नाकाशी आणली.

“निकिता, हे पाणी नोहे.”

ती उतरून पलीकडे धावली आणि खुशीचं दार ओढलं. दार उघडेना. गाडी चालू झाली की सगळी दारं आपोआप लॉक व्हायची. शिवाय मागे एकदा खुशीने चालत्या गाडीत दार उघडलं होतं, तेव्हापासून आतून उघडू नये म्हणून नयनने मागच्या दारांची कळ फिरवून ठेवली होती. काचेपलीकडे, वीतभर अंतरावर, लेकीचं डोकं होतं. निकिता काचेवर हात मारत राहिली. इंदूबाई आतून हात लांब करत होत्या, पण दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना मागे वळता येत नव्हतं. मग निकिताला सुचलं, ती पुन्हा ड्रायव्हरच्या बाजूला धावली, आत वाकली आणि दारावरचं बटण दाबलं. चुकीचं बटण होतं. इंदूबाईंच्या बाजूची काच खाली गेली. तिने शेजारचं दाबलं तेव्हा लॉक निघाल्याचा आवाज आला.

तिने खुशीला उचलून बाहेर काढलं. पोरीचे पाय, मांड्या, फ्रॉकची मागची बाजू, सगळं औषधाने भिजलं होतं. सीटच्या लोखंडी पट्टीने कॅनचं तोंड दाबून झाकण फोडलं होतं आणि दर वळणावर थोडं थोडं औषध बाहेर येत होतं.

गाडीत अर्धी बाटली पाणी होतं. ते पायांवर ओतताच संपलं.

पावसाने जरा उघडीप दिली होती. रस्त्याच्या खालच्या अंगाला कपाशीत एक माणूस पाठीवर पंप घेऊन फवारत होता आणि बांधावर एक बाई दोन ड्रमांपाशी उभी होती. निकिता लेकीला घेऊन उतारावरून घसरतच तिकडे गेली. ती समोरच्या ड्रममध्ये हात घालायला वाकल्याबरोबर बाईने तिचा दंड धरून मागे खेचलं.

“त्याच्यात दवाई कालवली हाय. ह्यो निळा घे, ह्यात साधं पाणी हाय.”

बाईचं नाव जमनी होतं, फवारणाऱ्या उकंडाची बायको. एका क्षणात तिने लेकीला पुन्हा विषातच घातलं असतं. जमनीने फ्रॉक टरकावून काढला, बांधावरचा कपड्याचा साबण घेतला आणि दोघींनी मिळून खुशीला धुतलं. पाय, पाठ, केस, पुन्हा पाय. पोरगी रडत नव्हती, याचीच निकिताला सगळ्यात जास्त भीती वाटली. अंगावर गार पाणी पडल्यावर खुशी नेहमी सारं घर डोक्यावर घ्यायची.

उकंडा पंप उतरवून आला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू, असं तो म्हणाला तेव्हा वरून, गाडीपासून, इंदूबाई ओरडल्या की तोंडात काही घालू नका. गावात आरोग्य खात्याची बाई येऊन सांगून गेली होती. तेवढं त्यांच्या लक्षात होतं.

नयनला फोन लागला नाही. रुग्णवाहिकेला लागला, पण यायला पाऊण तास लागेल असं पलीकडून कळलं. त्या गाडीत पुन्हा लेकीला घालायची निकिताची हिंमत नव्हती. उकंडाने साबणाने हात धुतले, सदरा काढून टाकला आणि मोटरसायकल रस्त्यावर काढली.

इंदूबाई तोवर गाडीतून उतरून मैलाच्या दगडाला धरून उभ्या होत्या. त्यांनी आपल्या लुगड्याचा कोरडा पदर फाडून खुशीला गुंडाळायला दिला. मग त्या म्हणाल्या, “दवाईचं नाव घेऊन जाय. डॉक्टर तेच पहिले विचारते.”

जमनीने हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून कॅनवरचा कागद सोलून काढला आणि दुसऱ्या पिशवीत घालून निकिताकडे दिला.

“तुम्ही?” निकिताने सासूला विचारलं.

“मी बसतो इथं. नयनले फोन लावत राह्यतो, येईन तो. तू जाय.”

बारा किलोमीटर. उकंडा उघड्या अंगाने गाडी चालवत होता आणि पुन्हा सुरू झालेल्या पावसाचे थेंब त्याच्या पाठीवरून निकिताच्या तोंडावर उडत होते. खुशीला तिने दोघांच्या मध्ये छातीशी धरलं होतं. पोरीच्या छातीत घरघर होती. जोवर घरघर आहे तोवर श्वास आहे, हे ती स्वतःला सांगत होती. एका खड्ड्यानंतर घरघर ऐकू येईना, तेव्हा तिने उकंडाला थांब म्हणून सांगितलं. तो थांबला नाही.

“थांबून काय करसीन, ताई? धरून ठेव,” तो म्हणाला आणि वेग वाढवला.

नेरच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईने खुशीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. तिने कागदावरचं नाव वाचलं, नर्सला इंजेक्शनं सांगितली आणि मग निकिताकडे वळून म्हणाली की तुमचेही कपडे भिजलेले आहेत, आधी तुम्ही अंघोळ करा. निकिता लेकीला सोडून हलेना. तेव्हा डॉक्टरबाई शांतपणे म्हणाली, “तुम्ही पडलात तर हिच्याजवळ कोण बसेल?”

दवाखान्याने दिलेला हिरवा गाऊन घालून निकिता परत आली तेव्हा इंजेक्शनांचा तिसरा डोस सुरू होता. दर दहा मिनिटांनी डॉक्टरबाई येई, बाहुल्या पाही, छातीला स्टेथोस्कोप लावी आणि जाई. अशा सात-आठ खेपा झाल्या. उकंडा बाहेर पायरीवर दुसऱ्या कुणाचं तरी उपरणं पांघरून बसला होता. चारच्या सुमारास खुशीने डोळे उघडले आणि सुईचा हात ओढून भोकाड पसरलं. डॉक्टरबाई पहिल्यांदा हसली. अजून दोन दिवस इथेच ठेवायचं, असं ती म्हणाली.

त्याच वेळी नयन आणि सदाशिवराव इंदूबाईंना घेऊन आले. इंदूबाईंनाही मळमळ सुरू झाली होती, म्हणून त्यांना शेजारच्या खाटेवर सलाईन लावली. नयनने बायकोला काही विचारलं नाही. त्याच्या न विचारण्यानेच निकिताचा बांध फुटला. कॅन आपण आत ठेवला, दुकानवाला नको म्हणत होता, पोरगी पाय ओले झाले म्हणत होती, आपण ऐकलं नाही, असं ती एका दमात सांगत सुटली.

इंदूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, “शीट म्या रेटली. वास म्याच घेतला अन् म्याच गप्प बसलो. एकटीनं नोको घेऊ.”

तिसऱ्या दिवशी खुशी घरी आली. सदाशिवरावांनी गाडीतली चटई आणि सीटची कव्हरं विहिरीपासून लांब, पडीक जागेत खोल खड्डा करून पुरली होती. गाडी अंगणाच्या कडेला चारही दारं उघडी टाकून उभी होती. तिच्या जवळून जाताना खुशी आईचं बोट घट्ट धरायची. गाडी विकून टाकू, असं नयन दोनदा बोलला.

आठव्या दिवशी खुशीच्या तपासणीला पुन्हा नेरला जायचं होतं आणि नयनची फवारणी चालू होती. सकाळची बस आलीच नाही. निकिताने बराच वेळ वाट पाहिली, मग घरात जाऊन खिळ्यावरची किल्ली काढली.

डिक्की रिकामी होती. इंदूबाई गुडघे सांभाळत मागे खुशीजवळ बसल्या. निकिताने बाहेरची हवा आत येते की नाही ते हात लावून पाहिलं, तरी काचा चारही खाली केल्या. पावसाचे शिंतोडे आत येत होते, पण कुणी काच वर कर म्हणालं नाही. ती तीसच्या वर गेली नाही. दर थोड्या वेळाने ती हाक मारायची, “खुशी?” आणि मागून “हो” यायचं. पुन्हा हाक, पुन्हा हो.

बांधावरच्या ड्रमांची जागा मागे गेली आणि एका हाकेला उत्तर आलं नाही.

निकिताने गाडी रस्त्याच्या मधोमधच थांबवली. मागून येणारा मोटरसायकलवाला शिव्या देत वळसा घालून गेला.

“झोपली व माय,” इंदूबाई म्हणाल्या. “श्वास चालू हाय. माहा हात हाय तिच्या पोटावर.”

निकिताने मागे वळून स्वतःचाही हात तिथे ठेवला. पोट वर येत होतं, खाली जात होतं. तिने ते पुरतं पाहून घेतलं. मग ती पुढे वळली आणि तिने पहिला गिअर टाकला.