मैत्रीण म्हणून नाई

दीपमाला जपानी शिकली ती अमडापूरच्या एका शेडनेटमध्ये. एका कानात इअरफोन, दुसरा कान गिऱ्हाइकाकडे, आणि हात मिरचीच्या रोपांच्या ट्रेमध्ये. शेडनेट अनुपमाचं होतं. अनुपमा शेतकीचा डिप्लोमा करून आली, नोकरीच्या मागे न लागता वडिलांच्या विहिरीजवळच्या तुकड्यावर तिने रोपवाटिका काढली, आणि शाळेपासूनची मैत्रीण म्हणून दीपमालाला सोबत घेतलं. रोपं अनुपमाने वाढवायची, फोन, ऑर्डरी आणि लोकांशी बोलणं दीपमालाने सांभाळायचं. दोघींतली एकच दिसली तर रोपं न्यायला आलेला माणूस हमखास विचारायचा, "दुसरी कुठी गेली?" गावाच्या लेखी त्या मैत्रिणी होत्या. त्याहून जास्त काय होत्या ते त्या दोघींनाच ठाऊक होतं, आणि तेही त्या फारसं बोलून दाखवत नसत.

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी हलत्या चित्रांच्या मालिका, हे दीपमालाचं एकटीचं खूळ. अनुपमा त्याला कार्टून म्हणायची. कॉलेजात असताना दीपमालाने कुठल्याशा साइटवर ‘युरी’ हा शब्द पहिल्यांदा वाचला. जपानीत युरी म्हणजे लिलीचं फूल, आणि अ‍ॅनिमेवाल्यांच्या भाषेत पोरीपोरींच्या प्रेमाची गोष्ट. त्या शब्दावर बोट ठेवलं आणि पडद्यावर एकामागून एक गोष्टी उघडल्या. आपल्याला जे होतं ते जगात आणखी कोणाला तरी होतं, त्याला नाव आहे, आणि त्या नावाचा अख्खा कप्पा आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यातल्या निम्म्या गोष्टी तिला पुढे भिकार वाटल्या ही गोष्ट निराळी.

पुढे ती एका टेलिग्राम चॅनलसाठी सबटायटलं लिहायला लागली. चॅनल जळगाव जामोदच्या प्रज्वलचं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि जपानी पात्रांना वऱ्हाडी बोलायला लावायची कल्पना त्याचीच. लोकांना ती फार आवडली. तलवार उपसून उभा असलेला सामुराई खाली पिवळ्या अक्षरांत "काऊन बे, लय माज आला का?" म्हणायला लागला, तेव्हा पाहणारे वाढले. पुण्याच्या एकाने तर मरणाच्या प्रसंगाखालीही हसण्याचे चेहरे टाकून ‘याला कॉमेडीत टाका’ असं लिहिलं होतं. दीपमाला ‘रानभेंडी’ या नावाने लिहायची. प्रज्वल तिला भेंडीभाऊ म्हणायचा. तो गैरसमज तिने दूर केला नव्हता. पोरगी आहे म्हटलं की मेसेज कसे यायला लागतात ते तिला माहीत होतं.

त्या वर्षी तिने एक मालिका घेतली. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी जुनी फेरीबोट, ती चालवणारी मिनाको, आणि तिकिटं फाडणारी, तिच्याहून थोडी लहान सायो. भाग सुरू व्हायचा, संपायचा, आणि त्यात घडायचं ते एवढंच की इंजिन बंद पडलं, कोणाची तरी बकरी बोटीवर चढली, धुकं आलं. प्रज्वलने ती ‘रोजचं जीवन’ या कप्प्यात टाकली. या कप्प्याला गर्दी नसते, पण हिला झाली. दुसरबीडची करिष्मा नावाची एक सून दर भागाखाली लांबलचक लिहायची. ती सासूला, रुखमाबाईला, शेजारी बसवून सबटायटलं वाचून दाखवायची. ‘आमच्या आत्याबाई म्हणतात, मिनाको लय कष्टाची बाई हाय, पण जेवत नाई वेळेवर. त्या सायोनं लक्ष देल्लं पायजे.’ सायोचं तेवढंच चाललं होतं, लक्ष देणं. पाहणाऱ्या सगळ्यांना ते दिसत होतं आणि सगळ्यांना ते गोड वाटत होतं.

शेवटून दुसऱ्या भागात सायो बोलली.

जपानीत शब्द होता ‘सुकी’. आपल्याकडे सुकी म्हटलं की भाजी आठवते. तिकडे त्याचा अर्थ आवडतं, प्रेम आहे, दोन्ही. दीपमालाने शेडनेटमध्ये बसून ते वाक्य बराच वेळ घोळवलं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं अमडापुरात कोणी कोणाला म्हटल्याचं तिने ऐकलं नव्हतं. शेवटी तिने लिहिलं, ‘मले तुयाबिगर करमत नाई.’ ते लिहिल्यावर तिला बरं वाटलं, कारण अनुपमा तिला असंच म्हणाली होती, मेहकरहून बियाणं घेऊन परत येताना, एसटीत. पण सायो तिथे थांबली नव्हती. पुढचं वाक्य होतं, ‘मैत्रीण म्हणून नाई सांगून राह्यली.’ त्याचा दुसरा अर्थ निघत नव्हता. दीपमालाने जसं होतं तसं लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर अख्खी मालिका, पहिल्या भागापासून, ‘युरी’ कप्प्यात गेलेली. त्या कप्प्याला प्रज्वलने कुलूप घातलं होतं. वय अठरा आहे का, असा प्रश्न, मग लाल खूण, मग आत. आत प्रतिक्रिया बदललेल्या. कधी न दिसलेले लोक आले होते. ‘कितव्या मिनटाले हाय?’ ‘आंघोळीचा सीन हाय का?’ बकरीच्या भागाखालीसुद्धा. आणि जुने लोक निघून चालले होते. करिष्माने लिहिलं होतं, ‘मले वाटलं साधी गोष्ट हाय. हे तं तसलं निघालं. आत्याबाईले काय सांगू आता?’

दीपमालाने ते दोनदा वाचलं. बोट तीच होती, बकरी तीच, मिनाकोचं न जेवणं तेच. एकही चित्र बदललं नव्हतं. वरची पाटी तेवढी बदलली होती आणि खालची माणसं बदलून गेली होती.

तिने प्रज्वलला फोन लावला. आजवर मेसेजवरच काम चाललं होतं.

"हॅलो, मी रानभेंडी बोलून राह्यली."

पलीकडे स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. "भेंडीभाऊ... तू पोरगी हायेस?"

"हाव. ते जाऊ दे. फेरीबोट तिकडे काऊन टाकली?"

"काऊन म्हणजे? पोरीपोरीचं निघालं ना ते. एकानं तक्रार केली, फॅमिलीत बसून पाह्यत होतो म्हणे. उद्या चॅनलच बंद पडला तं?" तो चिडलेला नव्हता, समजावून सांगत होता. "टॅग म्हणजे काय, ताई, डब्यावर लिहितो ना आपण, मीठ, साखर. नाई तं चहात मीठ पडते."

"त्या बेकरीवाल्या सिरीजमधी तिसऱ्याच भागात पोरगा-पोरगी चुंबन घेतात. तेही ‘रोजचं जीवन’मधीच हाय. तुयाच हातानं टाकली. त्याले कुलूप नाई लावलं."

"ते नॉर्मल हाय ना."

मग जरा खालच्या आवाजात तोच पुढे म्हणाला, "पाह्य, एक रस्ता हाय. करमत नाई, ते राहू दे. ते तं कोणीबी कोणाले म्हणते. त्याच्या पुढचं एक वाक्य गाळून टाक. मी सिरीज परत आणतो जागेवर. कोणाले काय कळते? जपानी कोणाले येते इथं?"

हा सौदा वाईट नव्हता. कुलूप निघालं असतं, करिष्मा परत आली असती, आणि दोन बायका फेरीबोट चालवत राहिल्या असत्या, मैत्रिणी म्हणून. दीपमाला असाच सौदा रोज करत होती, त्यामुळे त्याची सोय तिला चांगली ठाऊक होती.

"नाई गाळत," ती म्हणाली.

"तुले एवढं काऊन लागते पण?"

"मी तशीच हाय म्हणून."

फोन तिनेच कापला. समोर बादलीत पाणी भरून वाहत होतं, ते तिला दिसत असूनही नळ बंद करायला तिने वेळ लावला.

अनुपमाला तिने त्याच दिवशी सांगितलं. अनुपमा वांग्याच्या रोपांवर फवारत होती. तिने पंप खाली ठेवला.

"माह्यं नाव घेतलं?"

"नाई."

"गावाचं?"

"त्याले फक्त रानभेंडी माहीत हाय. अन् आता नंबर."

"दीपे, कार्टूनसाठी?" अनुपमाचा आवाज चढला. "इथं पुष्पांजली वहिनी स्थळ घेऊन बसली हाय. दादाले मी कसं थोपवून धरलं ते माह्यं मले माहीत. अन् तू त्या अनोळखी माणसाले फोनवर सांगून बसली?"

"घरच्याले सांगता येत नाई, म्हणूनच त्याले सांगून बसली बहुतेक."

अनुपमाने पंप पाठीवर घेतला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. पुढचे काही दिवस त्या रोपांबद्दलच तेवढ्या बोलल्या. प्रज्वलचाही काही निरोप नव्हता. दीपमाला फोन वाजला की दचकायची. फोन मिरचीवाल्यांचे असायचे.

मग एका सकाळी प्रज्वलचा आवाजी मेसेज आला, दुकानातल्या गडबडीतच भरलेला. "ताई, मी पह्यल्यापासून पाह्यली पुन्हा, बायकोसंगं. ती म्हणे पह्यल्याच भागात समजते, तू आंधळा हायेस का. मी म्हटलं, वर पाटीच दुसरी होती ना. बरं, मी कुलूप काढतो. त्यात कुलूप लावण्यासारखं काहीच नाई. अन् युरी हा शब्दच काढून टाकतो, म्हणजे ते आंघोळीवाले येणार नाईत. चालते?"

दीपमालाने यावर दिवसभर विचार केला. शब्द काढला असता तर आंघोळीवाले गेले असते हे खरं. पण कॉलेजात असताना तिने ज्या शब्दावर बोट ठेवलं तो हाच होता. नांदुऱ्याला किंवा लोणारला कोणी पोरगी आज फोनवर तेच शोधत असेल, तर तिला ही बोट सापडणार कशी? तिने लिहिलं, ‘शब्द राहू दे. पण एकटा नको. रोजचं जीवन, प्रेम, युरी, तिन्ही लाव. बेकरीवालीले बी प्रेम लाव. कुलूप दोन्हीले नको.’

‘एवढे टॅग?’ त्याने विचारलं.

‘माणसाले एकच असते का?’

त्याने अंगठ्याची खूण पाठवली आणि तसं केलं. काही लोक चॅनल सोडून गेले. एकाने प्रज्वलच्या दुकानाच्या पानावर घाण लिहिलं, ते त्याने पुसलं आणि त्याबद्दल दीपमालाला काही बोलला नाही. तिला ते पुसायच्या आधीच दिसलं होतं. करिष्मा मात्र परत आली. ती अवघडलेलीच होती. ‘मले हे पटते असं नाई,’ असं तिने आधीच लिहून टाकलं. ‘पण आत्याबाई रोज इचारतात, त्या मिनाकोनं काय उत्तर देल्लं. म्या म्हटलं, आत्याबाई, तसलं हाय ते. तं म्हणे, तसलं म्हणजे काय, तिले करमत नाई म्हणते ना बिचारी? शेवटचा भाग कवा टाकता?’

हे मात्र दीपमालाने अनुपमाला वाचून दाखवलं. अनुपमाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच.

"मंग? काय उत्तर देल्लं मिनाकोनं?"

"पाह्य ना."

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. कोकोपीटच्या गोणीवर दोघी बसल्या आणि अनुपमाने आयुष्यातलं पहिलं अ‍ॅनिमे पाहिलं, तेही शेवटापासून. मिनाको उत्तर देत नाही. ती सायोला सुकाणू धरायला देते आणि स्वतः, पहिल्यांदाच वेळेवर, डबा उघडून जेवायला बसते. अनुपमाला ते कळेना. "हे काय उत्तर झालं?" मग दीपमालाने तिला पहिल्या भागापासून दाखवलं. पुरे व्हायला आठवडा लागला, कारण मध्येच रोपांची मागणी वाढली.

पुष्पांजली वहिनी स्थळाचा फोटो घेऊन शेडवरच आली तेव्हा दीपमाला ट्रे धूत होती. वहिनी वाईट बाई नव्हती. नणंदेचं भलं व्हावं असंच तिला वाटत होतं, आणि मुलगा खामगावला बँकेत होता. अनुपमाने फोटो पाहिला, नीट पाहिला, आणि परत दिला.

"वहिनी, मी लग्न नाई करत. इथंच राह्यतो आम्ही."

"आम्ही म्हणजे?" वहिनीने दीपमालाकडे पाहिलं, मग पुन्हा अनुपमाकडे. "तुम्ही मैत्रिणीच हाय ना व?"

दीपमालाच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"मैत्रिणी बी हाय," अनुपमा म्हणाली.

वहिनीला त्यातला ‘बी’ ऐकू आला. तिने फोटो पिशवीत ठेवला आणि पदर सावरला. "तुया दादाले मी काय सांगू?"

"सध्या म्हणा, पोरगी तयार नाई. पुढचं माह्यं मी सांगतो."

वहिनी चहा न घेता गेली. घरी तिने तेवढंच सांगितलं, पोरगी तयार नाही. अनुपमाचा भाऊ काही दिवस धुसफुसला, जेवताना ताट सरकवून उठला, मग कापसाच्या कामात गुंतला. त्याला खरं काय ते अजून सांगायचंच होतं, आणि ते सोपं जाणार नव्हतं हे दोघींनाही माहीत होतं. वहिनी शेडकडे फिरकेनाशी झाली. महिनाभराने तिचा फोन आला, तोही दीपमालाच्या नंबरवर: माहेरी टमाट्याची रोपं पाठवायची आहेत, चांगली निवडून ठेव, आणि अनुपमाला म्हणावं, डोक्याला रुमाल बांधत जा, ऊन लय हाय.

दीपमालाने ऑर्डर लिहून घेतली आणि निरोप सांगायला शेडमध्ये गेली.