त्रेचाळीस दाव्यांची प्रत

तस्लीमने कपाटातून बॅकअपची डिस्क काढली तेव्हा तिच्या मनात काळजी अशी नव्हतीच. खालापुरातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसमधला कॉम्प्युटर सकाळपासून सुरू होत नव्हता. आतली हार्ड डिस्क गेली होती, एवढंच. असल्या दिवसासाठीच तर ती सहा वर्षं कर्जत-खालापूरच्या बारा लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळत होती.

"आधी चहा घे गं," हर्षलाताई म्हणाली. डोंगरातल्या वाड्यांचे वनहक्काचे दावे हर्षलाताई तयार करून द्यायची. जमिनीचे नकाशे, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, फोटो, सगळं त्या एका कॉम्प्युटरवर. त्रेचाळीस दावे नऊ दिवसांनी समितीपुढे जायचे होते.

तस्लीमने डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. शेवटची फाइल दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली होती.

तिने पुन्हा पाहिलं. तारीख तीच होती. त्याच मार्चमध्ये जागा पुरत नाही म्हणून तिने इथल्या फाइली त्याच हार्ड डिस्कच्या दुसऱ्या भागात हलवल्या होत्या. बॅकअपला मात्र नवी जागा दाखवायची राहून गेली. तेव्हापासून दर शुक्रवारी तो इमानेइतबारे जुन्या फोल्डरचीच प्रत काढत होता, आणि ‘बॅकअप पूर्ण’ एवढं वाचून ती पुढच्या ऑफिसकडे निघत होती.

डिस्क खराब निघाली म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? हा विचार आला नाही असं नाही. पण चहाचा कप पुढे करत उभ्या असलेल्या हर्षलाताईकडे बघून तिला ते बोलवेना.

"ताई, दोन वर्षांचं यात काहीच नाहीये. चूक माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. हर्षलाताईने हातातला कप टेबलावर ठेवला.

"मेल तरी?"

"मेलही याच कॉम्प्युटरवर उतरायची आणि सर्व्हरवरून पुसली जायची. जुनी पद्धत." बोलता बोलता तस्लीम थांबली. "पण तुम्ही पाठवलेली मेल समोरच्याकडे असेल ना? जबाब कुणाला पाठवत होतात?"

"नामाकाकांना, पोशीरला. जबाब, नकाशे, सगळं एकदा नजरेखालून घालायला."

तस्लीमने तडक स्कूटर काढली. नामाकाका म्हणजे निवृत्त कारकून. ओटीवर पेपर वाचत बसले होते.

"काका, हर्षलाताईंच्या जुन्या मेल आहेत का हो?"

"जातील कुठं? मला पुसायलाच येत नाय. पोरगी बोंबलते, पेटी भरली, पेटी भरली. मी म्हणतो, भरू दे."

तस्लीमला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. काका गडबडले. "अगं, काय झालं? पाणी देऊ का?"

दुपारपर्यंत ती तिथेच बसून एकेक फाइल उतरवत होती आणि काका दाव्यांच्या यादीवर खुणा करत होते. एक्केचाळीस सापडले. दोन दावे त्यांच्याकडे कधी आलेच नव्हते.

ते दोन्ही ठाकुरवाडीच्या वर, चढणीवरच्या वस्तीतले. दुसऱ्या दिवशी हर्षलाताईबरोबर तस्लीमही चढून गेली. नको म्हटलं तरी जमीन मोजायचं यंत्र तिने स्वतःच्या खांद्याला अडकवलं. पहिली जमीन अकरापर्यंत मोजून झाली. दुसरी अंबूबाईची. जबाब पुन्हा द्यायचा म्हटल्यावर म्हातारी चिडेल असं दोघींना वाटलं होतं. तिने मात्र त्यांना बांधावरून हिंडवलं आणि उताराच्या टोकाला नेऊन एक दगडी ताल, बुटकी आडवी भिंत, दाखवली. माती वाहून जाऊ नये म्हणून तिच्या सासूने हाताने रचलेली होती ती. जमिनीची कसणूक किती जुनी, याचा याहून चांगला पुरावा कुठल्याच दाव्यात नव्हता.

"आजी, हे मागच्या खेपेला का नाही सांगितलंत?" हर्षलाताईने विचारलं.

"मागं तुमी घाईत व्हतात."

त्रेचाळीसही दावे ठरल्या दिवशी दाखल झाले. त्या आठवड्यात तस्लीम बाकीच्या अकरा ऑफिसांत गेली आणि प्रत्येक ठिकाणी बॅकअपमधली एक तरी फाइल उघडून पाहिली. दोन ठिकाणी उघडली नाही. तिथेही तिने आपण होऊन सांगितलं. एकाने तिचं काम काढून घेतलं.

हर्षलाताईने काढलं नाही. फक्त दर शुक्रवारी ती तस्लीमशेजारी खुर्ची ओढून बसू लागली. "आज पंचविसावा दावा उघड," ती म्हणायची, आणि फाइल उघडून जबाबाची पहिली ओळ दिसेपर्यंत दोघींपैकी कुणी जागचं हलायचं नाही.