नक्कल

कापसाचा बोळा सुकत चालला होता आणि समोरची पोरगी अजून बाही वर करत नव्हती. सिस्टरबाईंनी तो टाकून दुसरा भिजवला. हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून.

"नको ना ताई," पोरगी पोटावर हात ठेवून म्हणाली. "आत बाळाला काही झालं तर? माझ्या जावेनं नव्हती घेतली. तिची दोन्ही पोरं चांगली टणटणीत आहेत."

आता यावर काय बोलायचं, बाई! सांगून तर सगळं झालं होतं... डांग्या खोकल्याची लस, आईला टोचली की जन्मल्यावर बाळाला संरक्षण, हात दुखेल, क्वचित तापही येईल, निर्णय तुमचा. निर्णय तुमचा — म्हणायला किती छान! गेल्या हिवाळ्यात शिवणकाम करणाऱ्या त्या बाईलाही हेच सांगितलं, तीही नको म्हणून हसत उठून गेली, आणि मग जेमतेम महिन्याचं तिचं बाळ वॉर्डात खोकून खोकून निळं पडलं, गेलं... "तेव्हा मला दटावलं का नाहीत?" एवढंच तिनं विचारलं होतं.

"ऐक," सिस्टरबाई म्हणाल्या आणि खोकल्या. त्या बाळासारख्या. एकामागून एक, श्वास न घेता, मग घशातून ती घुसमट...

पोरीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "बास! द्या ताई, टोचा." सुई बाहेर आली तेव्हा ती रडत होती. "मी वाईट आई नाही ना हो?"

"वेडी कुठली!" सिस्टरबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

खोटं एक अक्षर नव्हतं. बाळाचं भलंच झालं. मग मन का खातंय? बहुतेक बाळांना हा आजार गाठतही नाही, हे आज सांगायचं राहिलं... राहिलं कसलं, गिळलं मी. आणि नक्कल इतकी हुबेहूब साधली ती काय उगीच? घरी भांडी घासताना सराव करायचे, नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून... शी! कुणाच्या मेलेल्या लेकराचा आवाज तो.

पुढची बाई आत आली. सिस्टरबाईंनी घसा खाकरला.

"ती खोकल्याची ना? द्या की. मला घ्यायचीच आहे," ती हसून म्हणाली.

आणि सिस्टरबाईंचा हिरमोड झाला — चक्क हिरमोड! सुई भरता भरता त्यांना स्वतःचीच भीती वाटली.