आठवा किल्ला आणि कापलेली वायर

शुक्रवारी सकाळी दहा वाजता नेरूळ गावात लाइट गेली आणि ज्ञानू मुकादमाचा आठवा किल्ला कायमचा हातचा गेला. हे आपण वाचलंच नाही असं समजू. गोष्ट अजून रविवारातच आहे, लाइट आहे, आणि कुलदीपला आशासुद्धा आहे.

कुलदीप म्हणजे मुकादमाचा थोरला, झेरॉक्सच्या दुकानात कामाला. त्याच्या बापाची पाठ बावीस वर्षं मार्केटात गोण्या वाहून गेली होती. डॉक्टरनं कमरेला पट्टा बांधून तीन महिने घरी बसवलं. घरात कुलदीपचा जुना व्हिडिओ गेम होता, टीव्हीला जोडायचा. पहिला आठवडा ज्ञानूचा त्यातल्या पहिल्याच खड्ड्यात गेला. मग हळूहळू तो उडी मारायला शिकला. कमरेतून वाकायची मनाई असलेला माणूस दिवसभर उड्या मारतोय, हे बघून राजाबाई, म्हणजे त्याची बायको, देवाला दिवा लावायची.

या गेमला आठवण नव्हती. बटण बंद केलं की माणूस परत पहिल्या खड्ड्यापाशी. म्हणून ज्ञानू गेम बंदच करत नसे, नुसता थांबवून ठेवायचा. असा चालू ठेवूनच तो रविवारी सकाळी आठव्या, शेवटच्या किल्ल्याच्या दारात पोचला. आणि त्याच दिवशी टीव्ही जायचा होता. लेक राजेश्वरी कामोठ्याला दिलेली, टीव्ही लग्नात कबूल केलेला, आणि मुकादमाचा शब्द म्हणजे शब्द.

शेजारी एकाकडंच टीव्ही होता, पण गेम तिकडं न्यायचा कसा? गेमचा प्लग काढला की किल्ला गेला. घरमालक गोटीराम पाटलांचा टीव्ही इकडं आणावा, तर तो सुतारानं शोकेसमध्ये बसवून वरून पट्टी ठोकलेली.

मात्र कुलदीपनं सोय आधीच लावली होती. मार्केटातल्या एका शेठच्या ऑफिसात हिरव्या अक्षरांचा जुना मॉनिटर अडगळीत पडला होता. शनिवारी त्यानं गेम चालूच ठेवून नुसती टीव्हीची केबल काढून नेली आणि तिची पिवळी पिन मॉनिटरच्या वायरीला लावून बघितली. चपखल बसली. रविवारी मार्केट बंद, तेव्हा बापाची हमालांची टोळीच तो टेंपोतून घेऊन आली. चौघांनी मॉनिटर उंबऱ्याच्या आत ठेवला. गोणपाटात घातलेला, तोंड दाभणानं शिवलेलं, एकदम पॅकबंद कांदा.

कुलदीपनं शिवण उसवली. मॉनिटर होता. वायर नव्हती. जिथून निघायची तिथंच, भोकाशी सपाट कापलेली.

त्यानं विचारलं तसं टोळीवाले एकमेकांकडं बघायला लागले. मालाला लोंबतं काही ठेवायचं नाही, पायात येतं, हा टोळीचा नियम. बावीस वर्षं तो त्यांना शिकवला कुणी? ज्ञानू मुकादमानं. सुतळी बुडाशी कापा, म्हणायचा. त्यांनी बुडाशी कापली होती.

"चांगली कापलीय," ज्ञानू बराच वेळ बघून म्हणाला.

कापलेला तुकडा कुठाय? टेंपोच्या मागच्या फाळक्याची कडी तुटली होती, तिच्या जागी बांधला. टेंपो कुठाय? गेला लासलगावला, शनिवारी येईल. कुलदीप मॉनिटर घेऊन मेकॅनिककडं गेला. मेकॅनिक म्हणाला, ओरिजिनल वायर आणा, दुसरी जोडून ट्यूब फुटली तर माझ्यावर यायचं.

चार वाजता जावई टीव्ही घेऊन गेले. उरला गेम, त्याचा लाल दिवा, आणि समोर पडदाच नसलेला आठवा किल्ला. ज्ञानू गेमचा रिमोट हातात धरून भिंतीकडं तोंड करून बसला. थांबवलेलं सुटू नये म्हणून अंगठा बटणापासून लांब. शनिवारपर्यंत असाच बसणार होता.

तेवढ्यात भाड्याचं निमित्त काढून गोटीराम डोकावले. आठवडाभर कशाचं टेन्शन नाही, असं कुलदीप त्यांना सांगत होता.

"आनि शुक्रवार?" गोटीराम म्हणाले. "शुक्रवारी दहा ते पाच लाइट नसतं, दुरुस्ती हाय. तुजे बापाला सांग, ते लाइटवाले कुनासाठी थांबत नाय."

 कुलदीप बापाजवळ बसला.

"आबा, परत पहिल्यापासून खेळा की."

"गोणी थप्पीवर चढवलीस, वरचं एकच पाऊल राहिलं," ज्ञानू भिंतीकडं बघतच म्हणाला, "आन कुणी म्हणलं, परत ट्रकात टाक. टाकशील?"

 कुलदीपनं दुकानातून आणलेला कोरा कागद घेतला. बाप सांगत गेला, तो लिहीत गेला. राजाबाईनं वर श्री लिहायला लावलं. सोमवारी तीन झेरॉक्ससह हा अर्ज वीज कार्यालयाच्या खिडकीत पडला:

"महोदय, अर्जदार हा पाठीचा रुग्ण असून आठव्या किल्ल्यात आहे. वायर शनिवारी येत आहे. तरी येत्या शुक्रवारी आपण संपूर्ण नेरूळची दुरुस्ती खुशाल करावी, मात्र गोटीराम पाटील चाळ, खोली क्र. ४ मधील एका प्लगापुरता वीजपुरवठा अखंड ठेवावा. आवश्यकता वाटल्यास अर्जदार स्वतः, पट्टा लावून, खांबापाशी उभा राहण्यास तयार आहे. तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती."