पुसलेल्या पहिल्या इंचाची गोष्ट

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. दोन फूट लांब, एका कडेने गंजलेली. माझा पहिला इंच झिजून पार पुसला आहे. मित्रांनो, म्हातारपणी माणसांचे दात जातात, तसे माझे आकडे गेले.

जामसंड्यात भाईंचा छोटा छापखाना आहे. भाईंनी मला नवीकोरी असताना कोल्हापुराहून आणले, तेव्हा मी आरशासारखी लखलखत होते. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके, दशावताराचे फलक, सगळे माझ्या अंगाला टेकून सरळ झाले. "ही पट्टी माजो उजवो हात," असे भाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कामात ते एक गाणे गुणगुणत:

नाव माथ्यार, तोंड मदी,
जाहिरात मागे, विसरा नको कधी.

मुखपृष्ठाचा हा त्यांचा वेद. ऐकून ऐकून तो माझाही झाला.

पुढे संगणक आला. रेघा पडद्यावर आपोआप पडू लागल्या आणि मी शाईचे डबे उघडू लागले. मग खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून मला तिच्या फटीत खोचले. समुद्राचा खारा वारा मला रात्रंदिवस चाटत होता. गंज चढला. कुणी हळहळले नाही.

एका दुपारी एका मुलीने मला तिथून उपसून काढले. ही रिशेल. संगीताचे मासिक काढायचे म्हणून आलेली. नाव 'किनारसूर', आणि हा पहिलाच अंक. पडद्यावर मांडण्याआधी तिला कागदाचा नमुना हाताने करून बघायचा होता. तिने खोबरेल तेलाने मला पुसले, तेव्हा कित्येक वर्षांनी मला माझी लांबी आठवली.

"एकापासून मोज, आणि शेवटाक एक वजा कर," भाईंनी तिला बजावले. "तिचो पयलो इंच मेलोसा."

अंक होता तिच्या आजोबांवर. फॉस्टिन त्यांचे नाव. सेहेचाळीस वर्षे ते चर्चच्या माडीवर व्हायोलिन वाजवत आले. ही माडी असते लोकांच्या पाठीमागे. सूर मागून येतो, आणि प्रार्थनेत मान वळवणे बरे दिसत नाही. त्यामुळे सगळ्या गावाने त्यांना ऐकले, पण वाजवताना कुणी पाहिले नाही. आता त्यांची बोटे थरथरू लागली होती. येत्या रविवारी फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, ते शेवटचे वाजवणार होते, आणि अंक त्याच दिवशी लोकांच्या हातात पडायला हवा होता.

रिशेलने नमुना पुढे ठेवला आणि भाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

पुढच्या पानावर चेहराच नव्हता. माडीवरून काढलेला फोटो, त्यात बाकांवर बसलेल्या माणसांच्या नुसत्या माना. फॉस्टिन होते मागच्या पानावर, जाहिरातीच्या जागी.

"गो बाय, लोकांचे टाळके कोण इकत घेतलो?"

रिशेलने मागच्या पानावर बोट ठेवले. "भाई, नाव माथ्यार आसा. तोंड मदी आसा. डोळे बघणाऱ्याकडे आसत. फक्त वळान बघूक व्हया."

"आणि म्हातारो म्हणालो, जन्मभर मागे ठेवलास, आता कागदारय मागेच टाकलास, तर?"

रिशेलने नमुना परत उलटला. तिलाही तीच भीती होती. मग म्हणाली, "आजाक पटला नाय, तर एक अंक भायर जावचो नाय. तेका मी तसा सांगलंय."

खरे सांगते मित्रांनो, मी भाईंच्या बाजूची होते. सरळ रेघेचा माझा जन्म. मला वाटले, ही पोर आजोबांना दुखवणार.

शनिवार उजाडला. अडीचशे अंक छापून, टाचून तयार झाले. फक्त कडा कापायच्या राहिल्या. फॉस्टिन रिक्षाने निघाल्याचा फोन आला आणि रिशेलची धांदल उडाली. अंक अकरा इंच उंच राहायला हवा होता. तिने मला गठ्ठ्यावर ठेवले, खालच्या कडेला एकाची खूण लावून वर मोजले, आणि पेन्सिल टेकवली ती थेट अकरावर, बारावर नाही. एक वजा करायचे राहिले. अंक भरणार होता दहाच इंच!

वरचा इंच गेला असता, तर पुढचे 'किनारसूर' गेले असते आणि मागचे फॉस्टिनचे नावही. तसला जाड कागद रविवारपर्यंत मिळणार नव्हता. मी गठ्ठ्यावरच पडले होते. आकडा ठाऊक, पण तोंड नाही. तिने मला बाजूला सारले, गठ्ठा कापायच्या यंत्रात सरकवला आणि दांडा धरला.

तिच्या हातावर भाईंचा हात पडला.

"एक वजा केलंस?"

रिशेलने दांडा सोडला. भाईंनी खूण पुसली, मला उचलले, नव्याने मोजले. "नेम मोडूचो तो मोड," ते म्हणाले, "पण आधी माप घे गो." आणि पाते त्यांनी स्वतः खाली आणले.

फॉस्टिन आले, काठी टेकत. टेबलावर पहिला अंक होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून मी त्यावर. त्यांनी थरथरत्या बोटांनी मला उचलून बाजूला ठेवले आणि मुखपृष्ठ बघितले. बघतच राहिले. भाई उगीच शाईचा डबा पुसू लागले.

"माजो फोटो खंय?"

मग त्यांचे बोट एका मानेवर टेकले.

"ही अँजेलिना. आंबाडो सुटता तिचो, दर रविवारी." बोट सरकले. "हो रिचर्ड. पेंगता मेलो. ही जॅनेट, घोव गेल्यापासून मान खाली." ते हसले. "ह्यो सगळ्यो माना माज्या वळकीच्यो. तोंडा दाखवलंस तर चुकान मी."

"आजो," रिशेल हळूच म्हणाली, "आता परतून बघ."

त्यांनी अंक उलटा केला. मागच्या पानावरून व्हायोलिन हनुवटीखाली धरलेले फॉस्टिन सरळ त्यांच्याकडे बघत होते. म्हाताऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"म्हणजे अखेरीक लोकांनी वळान बघल्यानी गो माका."

भाईंनी डबा खाली ठेवला आणि गठ्ठे रिक्षात नेऊन ठेवू लागले. सगळेच्या सगळे.

मी आता खिडकीच्या फटीत नसते. टेबलाच्या वर भिंतीत माझा खिळा आहे, त्याला मी टांगलेली असते. मित्रांनो, घरात एखादी झिजलेली वस्तू असली, तर तिचा कुठला इंच गेला ते आधी समजून घ्या. तेवढा वजा करा, उरलेली ती खरेच सांगते. आणि कधी पाठीमागून गोड सूर आला, तर बरे दिसो न दिसो, एकदा मान वळवा. वाजवणारा केव्हाचा तुमची मान ओळखत असतो.