भोंगा बंद करा!

रादामेसची बॅट म्हणजे तोफ, असं साखर कारखान्यामागची अख्खी वस्ती म्हणायची. नेरेइदा सोडून.

तिचं म्हणणं, तोफबिफ काही नाही, सगळी कमाल भोंग्याची! मैदानावरच्या भोंग्यावर चागोकाका बेसबॉलचा सामना सांगायचे, आणि फटका खरा की समोरच्याची चूक हा निकालही तेच द्यायचे. रादामेसचा चेंडू घरंगळत जाऊन कुणाच्या पायांमधून निसटला तरी काका किंचाळायचे, "हिट! काय मारलाय!" आणि तस्साच चेंडू नेरेइदाच्या भावाने, एलिएसेरने मारला की थंडपणे, "क्षेत्ररक्षकाची चूक." आणि हे चागोकाका कोण? रादामेसचे पाद्रिनो, बाप्तिस्म्याला त्याला मांडीवर घेणारे मानलेले वडील. आता बोला!

एरवी तिने सोडूनही दिलं असतं. पण रविवारी अकादमीचे प्रशिक्षक येणार होते आणि ते एकालाच नेणार होते. रादामेसला, नाहीतर एलिएसेरला.

शनिवारी तिने रादामेसला वाण्याच्या दुकानासमोर गाठलं. आत बचाताचं गाणं ढणाणा वाजत होतं आणि पोरं रस्त्यावर वितिया खेळत होती. पाण्याच्या मोठ्या बाटलीचं झाकण फेकायचं, झाडूच्या दांड्याने मारायचं. नेरेइदाचं झाकण असं काही वळायचं की भलेभले हवेत दांडा फिरवून स्वतःच गरगरायचे.

"ए तोफ, माझं एक झाकण मारून दाखव."

"नको गं. मनगट बिघडतं."

"मनगट बिघडतं की नाव?"

पोरं खिदळली. रादामेस चालता झाला. झालं! उरलासुरला संशयही फिटला.

"घाबरला रे तो!" घरी येऊन तिने एलिएसेरला सांगितलं.

"तू नको त्यात पडू, नेरे."

"मग कोण पडणार? तू? तू तर तळलेली केळी हाणत बसलायस."

रविवारी रादामेसचा पहिलाच चेंडू सरपटत गेला आणि समोरच्या पोराच्या हातातून सुटला. भोंगा गरजला, "हिट! तोफ धडाडली!" प्रशिक्षकांनी मान डोलावली. नेरेइदाच्या डोक्यात तिडीक गेली. ती पायऱ्या उतरून थेट त्यांच्यासमोर उभी.

"सर, आधी तो भोंगा बंद करायला सांगा. मग बघा."

"तू कोण गं?"

"एलिएसेरची बहीण. पण त्याचा इथे काही संबंध नाही."

"अजिबात नाही," ते हसत म्हणाले. पण भोंगा बंद करायला लावला खरा. चागोकाका तोंड फुगवून बसले.

मैदान गप्प झालं. रादामेस पुन्हा आला. नेरेइदा हाताची घडी घालून, आता कसा सापडतोस बघू, अशी उभी. चेंडू सुसाट आला आणि शेवटच्या क्षणी खाली वळला, अगदी तिच्या झाकणासारखा.

खाड!

चेंडू कुंपणावरून गेला आणि पलीकडच्या उसात दिसेनासा झाला. भोंग्यावर ओरडायलाही कुणी नव्हतं. मग एलिएसेरची पाळी आली. त्याने तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हवेत.

प्रशिक्षकांनी रादामेसच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाही नेरेइदाचं डोकं चालूच होतं.

"एलि, तो पिचर रादामेसचा कुणी लागतो का रे? नक्की सोपा चेंडू दिला असणार!"

एलिएसेर बुटाची नाडी सोडत होता. "त्याचा कुणी नाही. माझा मित्र आहे. मीच त्याला सांगितलं होतं, रादामेसला तुझा सगळ्यात खतरनाक चेंडू टाक."

अख्ख्या वस्तीवर नजर ठेवली होती तिने. घर तेवढं राहून गेलं होतं.

"आणि तुला? तुला कसला टाकला?"

एलिएसेर बराच वेळ त्या नाडीशीच झटापट करत बसला.

"सोपा," तो म्हणाला.