छऱ्यांची रास

खंडेनवमीच्या दुपारी दिपाली हिंडलग्याहून अनगोळला माहेरी आली, ती आपल्या हाताखाली शिकणाऱ्या पारमिताचं पिस्तूल बांधून घ्यायला. संध्याकाळच्या गाडीनं दोघींना बेंगळूरला निघायचं होतं. दसरा झाला की लगेच राज्याच्या संघाची निवड. तिनं परड्यातल्या पत्र्याच्या शेडचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली.

मधल्या टेबलावर लाल कापड. त्यावर क्लबची सगळी एअर पिस्तुलं झेंडूच्या माळा घालून ओळीनं निजवलेली. पुढ्यात पितळी परात, आणि परातीत शिशाच्या छऱ्यांची ही एवढी रास. वर हळद, वर कुंकू, आणि सगळ्याच्या वर एक लिंबू.

हा नेमबाजीचा क्लब तिच्या वडिलांचा, भरमाआप्पांचा. फौजेतून हवालदार म्हणून घरी आले आणि गुरांच्या गोठ्याची त्यांनी रेंज केली. दिपाली तिथंच शिकली, राज्याकडून खेळली, आता तीच पोरांना शिकवत होती. कपाटाची किल्ली मात्र अजून आप्पांच्या करदोट्याला.

"आप्पा, हे छर्रे कुठले?"

"आपलेच की. हुत्या न्हवत्या तेवढ्या डब्या फोडून ओतलो. शस्त्राची पूजा करायची आन गोळी तेवढी कपाटात कोंडायची व्हय?"

"पारमिताच्या डब्या?"

"त्या पन. रास कधी वायली वायली करत्यात काय गं? रास एकच असती. आता आरती झाली की भरून ठेवतो. डब्यांवरच्या तुझ्या चिठ्ठ्या हायत तशाच हायत, एक फाडलो न्हाय."

चिठ्ठ्या फाडल्या नाहीत! दिपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

छर्रे दिसायला सगळे सारखे. तांदळाच्या दाण्यांसारखे निवडून काढावेत म्हटलं तर डोळ्याला काहीच कळत नाही. पण कारखान्यातून येताना एका लॉटचा छर्रा दुसऱ्यापेक्षा केसभर जाड असतो, केसभर बारीक असतो, आणि कुठल्या पिस्तुलाला कुठला मानवेल ते मारून बघितल्याशिवाय समजत नाही. उन्हाळाभर दिपालीनं दुसरं काही केलं नव्हतं. पारमिताचा पंजा लहान, म्हणून लाकडी मूठ कानशीनं घासली, लाकडाची पुट्टी भरली, पुन्हा घासली. चाप नियमात बसेल इतकाच हलका करून घेतला. मग पिस्तूल लोखंडी वाईसच्या पकडीत आवळून, माणसाचा हात न लागू देता, वेगवेगळ्या लॉटचे छर्रे कागदावर मारून बघितले. कुठल्या लॉटची भोकं पांगायची, कुठल्याची नुसती एका बाजूला सरकायची. एका लॉटनं मात्र भोकावर भोक पाडलं. पुण्याच्या दुकानदाराकडं त्या लॉटच्या होत्या नव्हत्या त्या डब्या तिनं उचलल्या, वर पोरीचं नाव चिकटवलं आणि कपाटात ठेवल्या. आणि आता ते सगळं परातीत, लिंबाखाली.

"तुम्हाला विचारावंसं वाटलं न्हाय?" तिचा आवाज चढला. "एक फोन करायला काय झालतं? उन्हाळाभराचं माझं काम तुम्ही एका परातीत घातलासा!"

मागच्या दारातून तिची आई, जयाबाई, हातात नैवेद्याचं ताट घेऊन आली. "दिपाली, सणासुदीचं बापावर तोंड टाकू नको. देवाचं केलंय त्यांनी, वंगाळ काय केलंय?"

हेच. या घरात देवाचं नाव घेतलं की रागावलेल्या माणसाचीच चूक ठरायची. दिपालीला त्या क्षणी आईचाही राग आला.

तेवढ्यात पाठीवर सॅक घेतलेली पारमिता दारात उभी राहिली. सदलग्याची पोर, अकरावीतली. दोन बस बदलून शिकायला यायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिनं टेबलाकडं बघितलं, आपल्या पिस्तुलाच्या मुठीवरचं कुंकवाचं बोट बघितलं, परात बघितली.

"आक्का, ह्यातच माझे पन हायत?"

दिपालीनं नुसती मान हलवली. पोरगी खाली बसली, सॅक सुद्धा न काढता.

"अगं, रडायला काय झालं?" आप्पा म्हणाले, जरी ती रडत नव्हती. "देवाफुडं ठेवलेली गोळी हाय. आन मी तुला कितीदा सांगितलोय? गोळी कवाच चुकत न्हाय. हात चुकतो. हात घट ठेव, कसलीबी गोळी घाल, बरोबर जाती. आमी फौजेत गोळ्या निवडत बसलो न्हवतो."

ते वाक्य ऐकलं आणि दिपालीच्या डोळ्यांपुढं गेल्या वर्षीची पारमिता आली. निवडीत पोरगी थोडक्यात राहिली होती, याच क्लबच्या सरमिसळ छऱ्यांवर. परत आल्यावर आप्पांनी सगळ्या पोरांसमोर तिला उभं केलं, हातात वीट दिली आणि हात खांद्याच्या रेषेत धरायला लावला. मनगट सुजेपर्यंत. "हातात दम न्हाय," म्हणाले. पोरीनं मान खाली घालून ते मान्य केलं. सदलग्याला जाऊन घरीही वीट धरत राहिली.

दिपालीनं पारमिताचं पिस्तूल उचललं. माळ तोडून बाजूला टाकली, जयाबाई "अगं अगं" म्हणत राहिल्या तरी. पिस्तूल वाईसमध्ये घातलं, दांडा फिरवून आवळलं, तारेवरचा निशाण्याचा कागद समोर पाठवला.

"या आप्पा. तुमीच मारा. हात लोखंडाचा हाय, हलायचा न्हाय. मी रास उपसून देतो तसं घालायचं आन नुसता चाप दाबायचा."

"उगं सणाचं..."

"या म्हणतोय न्हवं!"

बापाशी ती असं कधी बोलली नव्हती. आप्पा आले. पहिला छर्रा बरोबर मधे. दुसरा त्याच भोकात. आप्पांनी जयाबाईंकडं विजयानं बघितलं. तिसरा डावीकडं गेला. चौथा पुन्हा मधे, पाचवा खाली, इतका खाली की आप्पांनी चष्मा पुसला. मग ते मारत राहिले. दिपाली एक एक छर्रा हळद झटकून त्यांच्या हातावर ठेवत राहिली. शेवटी तिनं कागद मागं ओढून घेतला आणि लाल कापडावर, झेंडूच्या माळांमध्ये, त्यांच्यापुढं आपटला. भोकं कुठंही होती.

आप्पांनी वाईसला हात लावून हलवून बघितलं. तो हलला नाही.

पारमिता उठून टेबलाजवळ आली. कागद बघितला. आप्पांशी पहिल्यांदाच ती कुणी न विचारता बोलली.

"आप्पा, आता ह्या वाईसच्या हातात पन वीट देणार काय?"

जयाबाईंनी ताट तिथंच ठेवलं.

"आक्का, चला, गाडी चुकंल," पोरगी म्हणाली. मुठीवरचं कुंकू तिनं ओढणीनं पुसून काढलं.

सणाचं एक दुकान उघडं नव्हतं. बेंगळूरला रेंजच्या बाहेर मिळाली ती सीलबंद डबी घेतली आणि त्या अनोळखी छऱ्यांवर पारमिता खेळली. छान खेळली. हात एकदाही हलला नाही, दिपाली मागं बसून बघत होती. तरी छर्रे अधूनमधून काठावर जायचे, आणि पोरगी पुन्हा थोडक्यात राहिली. गेल्या वर्षीसारखीच. त्या दिवशी दिपालीला कुणाचं तरी काहीतरी फोडावंसं वाटत होतं, आणि फोडण्यासारखं जवळ काही नव्हतं.

क्लब पुन्हा सुरू झाला त्या दिवशी शेड पोरांनी भरलेलं. कुणीतरी विचारलंच, "आप्पा, पारमिताक्काचा हात परत चुकला व्हय?"

आप्पा खुर्चीतून उठले. पोरांसमोर, गेल्या वर्षी तिला जिथं उभं केलं होतं बरोबर तिथं येऊन उभे राहिले.

"तिचा हात चुकला न्हाय. गेल्या सालीबी न्हाय, औंदाबी न्हाय. मी चुकलो." मग करदोट्याची किल्ली सोडून त्यांनी पारमिताच्या पुढं धरली. दिपालीच्या नव्हे.

पोरीनं किल्ली घेतली. पाया पडली नाही, हसलीही नाही. आप्पांनीही तशी अपेक्षा केली नसावी.

दिपालीचा राग काही त्यानं गेला नाही. एवढं एक वाक्य म्हाताऱ्याच्या तोंडून निघायला पोरीची दोन वर्षं जावी लागली, याचाच तिला संताप येत होता, आणि तो तिनं कुणापासून लपवलाही नाही. ती वाईस पुसायला लागली. मागं कपाट उघडल्याचा आवाज आला. पारमिता हळदीचे छर्रे भरलेल्या डब्या एक एक करून बाहेर काढत होती आणि प्रत्येकीवरची आपल्या नावाची चिठ्ठी नखानं खरवडत होती.